लपलेली बस: २.६.१७ कर्नेलमधील कार्डबस इशाऱ्याचा शोध आणि त्याचा अहवाल

८ नोव्हेंबर २०२५

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतला २००४ सालचा लॅपटॉप पुन्हा कामाला लावायचा आहे. त्यात पेंटियम एम प्रोसेसर, इंटेलचा ८५५पीएम चिपसेट व त्याच्या जोडीचा आयसीएच४-एम आहे, आणि डाव्या बाजूला एक कार्डबस स्लॉट, म्हणजे बाहेरून कार्ड घालण्याची खाच, आहे. त्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या मोजमापाच्या कार्डासाठीच प्रयोगशाळेने हा लॅपटॉप इतकी वर्षे जपला. कार्डाच्या उत्पादकाने ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्रोत कधी दिला नाही. जे तयार मॉड्यूल (कर्नेलमध्ये चढवायचा तुकडा) दिले ते २.६.१७-१०-जेनेरिक या एकाच कर्नेलशी (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याशी) जुळते, म्हणजे ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या उबंटू ६.१० शी. इतर कोणतेही कर्नेल आवृत्तीची खूण जुळत नाही म्हणून ते नाकारते. जुन्या कर्नेलला धरून राहण्याचे हेच कारण आहे, आणि त्यामुळे नवी प्रणाली घाला, हा सहज सुचणारा सल्ला येथे उपयोगाचा नाही.

जुनी डिस्क निकामी झाली आहे. तिच्यावर कार्ड व्यवस्थित चालत होते असे प्रयोगशाळेतील सर्वजण सांगतात, परंतु त्या वेळी कोणते पर्याय लावले होते याची एकही ओळ कोणी लिहून ठेवलेली नाही. म्हणून या वेळी प्रत्येक पायरी येथे लिहीत आहे.

४४ पिनांची अडीच इंची वापरलेली डिस्क ६०० रुपयांना मिळाली. उबंटू ६.१० ची स्थापना सुरळीत झाली, मात्र पॅकेजे उतरवताना अर्धा दिवस गेला: या आवृत्तीचा आधार एप्रिल २००८ मध्येच संपल्यामुळे तिची भांडारे जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवलेली आहेत. स्रोतांच्या यादीतील पत्ते त्या सर्व्हरकडे वळवल्यावर आणि यंत्राचे घड्याळ लावल्यावर सर्व काही उतरले.

संध्याकाळी कार्ड घातले. स्लॉट ० मध्ये कार्डबस कार्ड आल्याची ओळ कर्नेलने लिहिली, पण त्यापुढे काहीच घडले नाही. एलएसपीसीआयच्या (पीसीआय या अंतर्गत जोडणीवरील उपकरणे दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीत कार्ड नाही. उत्पादकाचे मॉड्यूल चढते, मात्र त्याला उपकरण सापडत नाही.

९ नोव्हेंबर

सुरुवातीच्या संदेशांत काय आहे हे आज नीट पाहिले. बूट होताना, म्हणजे यंत्र सुरू होताना, पडद्यावर काहीच दिसत नव्हते, कारण क्वायट आणि स्प्लॅश हे दोन पर्याय आधीपासून लावलेले असतात, ते काढले. दुसरी अडचण अशी की डीमेसेज (कर्नेलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवल्यावर आरंभीच्या ओळी गायब होत्या. कर्नेलचा नोंदसाठा ठरावीक आकाराचा असतो, आणि वायरलेसचा ड्रायव्हर त्यात सारखी भर घालत होता, त्यामुळे सर्वांत जुन्या ओळी बाहेर ढकलल्या गेल्या. बूट झाल्याबरोबर घेतलेली संदेशांची प्रत लॉगच्या निर्देशिकेत डीमेसेज याच नावाच्या फाइलमध्ये जपलेली असते, तिच्यात सर्व काही मिळाले. ज्यांच्याकडे तीही नसेल त्यांनी लॉग-बफ-लेन हा बूट पर्याय देऊन साठा मोठा करून घ्यावा. पडद्याची छायाचित्रे काढून अहवालाला जोडू नयेत. त्यांत शोधता येत नाही आणि महत्त्वाची ओळ हमखास वर सरकून गेलेली असते.

त्या काळच्या डीमेसेजमध्ये संदेशांच्या गांभीर्यानुसार चाळणी करण्याची सोय नाही, म्हणून संपूर्ण फाइल वाचावी लागली. घाबरवणाऱ्या बऱ्याच ओळी निरुपद्रवी निघाल्या. लोकल एपिक बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामने) बंद केले आहे, ही ओळ या पिढीच्या अनेक लॅपटॉपांवर दिसते. आयडीई नियंत्रकाचे पहिले चार पत्ते दुर्लक्षित केल्याची ओळ, तो नियंत्रक जुन्या ठरावीक पत्त्यांवर चालत असल्याचे सांगते. आयसीएच४ ने अमुक पत्ते स्वतःकडे घेतल्याची ओळ तर निव्वळ माहिती आहे. हे सर्व अहवालात समस्या म्हणून लिहिले असते, तर वाचणाऱ्याने खऱ्या ओळीपर्यंत पोहोचण्याआधीच तो बाजूला ठेवला असता.

खरी ओळ पीसीआय तपासणीच्या भागात होती. (बस म्हणजे उपकरणे जोडणारा, क्रमांक असलेला मार्ग; ब्रिज म्हणजे दोन बसांमधला दुवा.) तिचा आशय असा: बस ०३ ते ०६ ही पारदर्शक ब्रिज ०२ ते ०२ च्या मागे लपलेली आहे, पीसीआय=असाइन-बसेस हा पर्याय वापरून पाहा. लगेच पुढच्या ओळीत विनंती आहे की हे कायमचे दुरुस्त व्हावे यासाठी निष्पत्ती लिनक्स-कर्नेल या विकासकांच्या टपाल-यादीला कळवावी. म्हणजे इशाऱ्याची ओळ चिकटवून देणे पुरेसे नाही. सुचवलेला पर्याय लावून काय झाले ते कळवायचे आहे. जुन्या अहवालांत नेमका हाच भाग बहुतेकदा गळलेला आढळतो.

आज रविवार असल्याने जुन्या बाजारातून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाचा एक पीसीएमसीआयए अडॅप्टर १५० रुपयांना आणला. तो का हवा होता ते पुढच्या नोंदीत आहे.

१० नोव्हेंबर

एकाच आकाराच्या स्लॉटमध्ये दोन प्रकारची कार्डे बसतात. १६ बिटांचे जुने पीसीएमसीआयए कार्ड आणि ३२ बिटांचे कार्डबस कार्ड यांतला फरक पाहताक्षणी कळतो: कार्डबस कार्डाच्या जोडणीच्या टोकाला सोनेरी पट्टी असते व तिच्यावर बारीक उंचवटे असतात. आपले मोजमापाचे कार्ड कार्डबस जातीचे आहे, तर बाजारातून आणलेला अडॅप्टर १६ बिटांचा.

अडॅप्टर घातल्याबरोबर त्यातील फ्लॅश कार्ड डिस्क म्हणून दिसू लागले. म्हणजे स्लॉट, त्याचा वीजपुरवठा, कार्डबस नियंत्रक आणि येंटा हा त्याचा ड्रायव्हर हे सर्व ठीक आहेत. स्लॉट स्वच्छ करणे, दुसरे कार्ड मागवणे, मदरबोर्ड उघडणे, हे सर्व खर्चाचे मार्ग या एका चाचणीने बंद झाले. असाच दोष असणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हीच चाचणी करावी.

त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने एलएसपीसीआयचे सविस्तर रूप काढले. साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने काढल्यास काही भाग प्रवेश नाकारला म्हणून कोरा राहतो आणि असा अर्धवट उतारा अहवालाला चालत नाही. ००:१ई.० या ठिकाणी इंटेलचा पीसीआय ब्रिज आहे. त्याची प्राथमिक बस ००, दुय्यम ०२ आणि हाताखालची शेवटची बसही ०२. त्याच्या मागे बस ०२ वर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कार्डबस नियंत्रक आहे, त्याची दुय्यम बस ०३ आणि शेवटची ०६. इशाऱ्यातील आकडे येथे जसेच्या तसे सापडले.

अर्थ असा की बायोसने ब्रिजला फक्त बस ०२ सांभाळायला सांगितले आणि कार्डबसच्या वाट्याला एकही क्रमांक राखला नाही. कर्नेलने कार्डबससाठी आपल्या रीतीप्रमाणे चार क्रमांक घेतले, पण वरच्या ब्रिजची मर्यादा वाढवली नाही. आता प्रोसेसरने बस ०३ वरील उपकरणाची ओळख विचारली, की ती विचारणा ब्रिज पुढे जाऊच देत नाही, आणि उत्तरादाखल सर्व बिट एक असलेला आकडा येतो, ज्याचा अर्थ कर्नेल येथे काही नाही असा घेते. १६ बिटांच्या कार्डाला स्वतःचा बस क्रमांकच नसतो. त्याचा व्यवहार साध्या मेमरीच्या व पोर्टच्या पत्त्यांवरून होतो, आणि पारदर्शक ब्रिज ते पत्ते निमूटपणे खाली सोडतो. त्यामुळे एक कार्ड चालते आणि दुसरे अदृश्य राहते.

१२ नोव्हेंबर

बूट पर्याय लावण्यापूर्वी कारण सिद्ध करून पाहावे असे ठरवले, कारण तो पर्याय सगळ्याच बसांचे क्रमांक नव्याने पाडतो, आणि त्याने कार्ड दिसू लागले तरी नेमक्या कोणत्या बदलाने दिसले ते कळणार नाही.

ब्रिजची शेवटची बस त्याच्या रचना-रजिस्टरांत सोळा-आधारी १ए या स्थानी एका बाइटमध्ये असते. सेटपीसीआय या साधनाने फक्त तो बाइट ०२ चा ०६ केला. त्याआधी एलएसपीसीआयचे झाडाच्या आकाराचे रूप काढून ०३ ते ०६ हे क्रमांक दुसऱ्या कोणत्या ब्रिजकडे नाहीत याची खात्री केली. ही खात्री न करता हा बाइट बदलणे धोक्याचे आहे, कारण दोन ब्रिज एकाच क्रमांकावर हक्क सांगू लागले तर यंत्र जागीच थिजू शकते. नंतर कार्ड काढून पुन्हा घातले, आणि ०३:००.० या पत्त्यावर ते यादीत आले. उत्पादकाचे मॉड्यूल चढवल्यावर त्याने उपकरण ओळखले आणि चाचणीचा संकेत वाचला.

संपूर्ण बिघाड एका बाइटाचा होता हे येथे नक्की झाले, आणि माझ्या मते अहवालातली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. बूट पर्यायाने चालते असे सांगणारा अहवाल उपाय सांगतो, हा बाइट बदलल्याने चालते असे सांगणारा अहवाल दोषाची जागा दाखवतो.

१३ नोव्हेंबर

सेटपीसीआयने केलेला बदल यंत्र बंद होताच नाहीसा होतो. आज असाइन-बसेस हा पर्याय ग्रबच्या, म्हणजे कर्नेल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, मेन्यू फाइलमध्ये कर्नेलच्या ओळीला जोडला. यंत्र नीट सुरू झाले, इशाऱ्याच्या दोन्ही ओळी गेल्या, ब्रिजची शेवटची बस ०६ झाली आणि कार्ड पहिल्या फटक्यात दिसले. रोमन लिपीत या पर्यायातील बसेस शब्दात मधला एस दोनदा लिहावा लागतो. एकच एस लिहिल्यास कर्नेल अनोळखी पर्याय अशी एक ओळ लिहून पुढे जाते आणि बूट नेहमीसारखाच होतो.

दुपारी एक पॅकेज बसवले आणि पुढच्या बूटनंतर कार्ड पुन्हा गायब झाले. यात बराच वेळ गेला. त्या काळच्या ग्रबमध्ये कर्नेलच्या ओळी आपोआप तयार होणाऱ्या यादीत असतात आणि अपडेट-ग्रब चालले की ती यादी नव्याने लिहिली जाते, त्यामुळे हाताने घातलेला पर्याय पुसला गेला. पर्याय टिकवायचा असेल तर तो त्याच फाइलमधील के-ऑप्ट या ओळीत घालावा लागतो. ही ओळ टिप्पणीसारखी दिसते, तिच्या आरंभी हॅशचे एक चिन्ह असते. ते चिन्ह काढायचे नाही, कारण अपडेट-ग्रब ओळ त्या चिन्हासकटच वाचते. पर्याय तेथे घालून अपडेट-ग्रब मुद्दाम पुन्हा चालवले, आणि या वेळी तो टिकला.

बसांचे क्रमांक बदलल्याने आणखी काय बिघडू शकते तेही तपासले. पडद्याच्या रचना-फाइलमध्ये ग्राफिक्स कार्डाचा पत्ता बस क्रमांकासह लिहिलेला असतो. येथे ते कार्ड पूर्वीही बस ०१ वर होते व आताही तेथेच आहे, म्हणून काही बदलावे लागले नाही. बायोसने दिलेला इंटरप्टचा (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या संकेतांचा) जुना तक्ता बायोसच्याच बस क्रमांकांवर आधारलेला असतो, त्यामुळे एसीपीआय (अशी माहिती बायोसकडून घेण्याची नवी पद्धत) बंद ठेवून हा पर्याय वापरणाऱ्यांनी प्रत्येक उपकरणाचा इंटरप्ट स्वतंत्रपणे तपासावा. आपल्याकडे एसीपीआय चालू आहे.

१६ नोव्हेंबर

अहवाल लिहिण्यापूर्वी हा दोष पुढच्या कर्नेलांत उरला आहे का ते पाहणे आवश्यक होते. त्यासाठी दुसऱ्या डिस्कवर आधी डेबियन ६ ही लिनक्स प्रणाली घातली, जिचे कर्नेल २.६.३२ आहे. कोणताही पर्याय न देता कार्ड दिसले. येंटा ड्रायव्हरने स्वतःच एक ओळ लिहिली होती की वरच्या बसची शेवटची मर्यादा आपण ०२ वरून ०६ केली. बुधवारी मी हाताने जो बाइट बदलला होता तोच बदल आता ड्रायव्हर करतो.

नंतर डेबियन १२ घातले. येथे निवड सांभाळून करावी लागते. या पिढीचे पेंटियम एम प्रोसेसर पीएई (४ जीबीहून अधिक मेमरी वापरू देणारी सोय) असल्याचे जाहीर करत नाहीत, त्यामुळे पीएई मागणारी कर्नेले त्यांच्यावर उभीच राहत नाहीत. पीएई न मागणारे ६८६ कर्नेल निवडावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसींसाठी कर्नेल व स्थापक देणे थांबवले आहे, म्हणून १२ हीच या यंत्राच्या आवाक्यातली शेवटची आवृत्ती.

डेबियन १२ च्या ६.१ कर्नेलवर मजेशीर नव्हे, तर खरोखर दिशाभूल करणारी गोष्ट आढळली. पीसीआय तपासणीच्या वेळी तेथे स्पष्ट ओळ येते की बस ०३ ते ०६ देता येत नसल्याने या ब्रिजमागची उपकरणे वापरण्याजोगी नाहीत. काही क्षणांनी येंटाचा ड्रायव्हर चढतो, मर्यादा वाढवल्याची त्याची ओळ येते, आणि कार्ड दिसू लागते. पहिली ओळ लिहिली जाते तेव्हा ती खरी असते. दुसऱ्या ओळीनंतर ती खरी राहत नाही, पण नोंदीत मात्र तशीच राहते. केवळ पहिली ओळ पाहून दोष नोंदवणाऱ्याने येंटाची ओळ पुढे आहे की नाही हे आधी शोधावे.

२२ नोव्हेंबर

अहवालाचा मजकूर तयार केला. पर्याय लावलेला व न लावलेला असे दोन संपूर्ण बूट-संदेश आणि दोन्ही स्थितींतील एलएसपीसीआयचे सविस्तर उतारे त्यात आहेत. सेटपीसीआयच्या चाचणीचे वर्णन, १६ बिटांच्या अडॅप्टरची निष्पत्ती, आणि २.६.३२ व ६.१ या कर्नेलांवरचे निरीक्षणही आहे. सर्व साध्या मजकुरात ठेवले, कारण सजवलेल्या स्वरूपातील पत्रे कर्नेलच्या याद्यांचे सर्व्हर परत पाठवतात.

बूट-संदेश नव्याने घ्यावे लागले, कारण पहिल्या उताऱ्यात उत्पादकाचे बंद स्रोताचे मॉड्यूल चढलेले होते. असे मॉड्यूल एकदा चढले की कर्नेल स्वतःला दूषित म्हणून खूण करते, आणि ते मॉड्यूल काढून टाकले तरी ती खूण पुढच्या बूटपर्यंत जात नाही. म्हणून मॉड्यूल न चढवता यंत्र पुन्हा सुरू केले आणि प्रॉकमधील टेन्टेड या फाइलमध्ये शून्य असल्याची खात्री करून मग संदेश घेतले. दोष मॉड्यूलशिवायही तसाच दिसतो, आणि हे अहवालात लिहिणे फार महत्त्वाचे आहे.

यंत्राची ओळख डीएमआयडीकोड या साधनाने मिळते. ही माहिती का मागितली जाते हे समजून घेण्यासारखे आहे. २.६ मालिकेच्या स्रोतात अशा लॅपटॉपांची एक यादी आहे ज्यांच्यावर हा पर्याय आपोआप लागू होतो, आणि सॅमसंग एक्स२० त्या यादीत आहे. जुळणी निर्मात्याचे नाव व उत्पादनाचे नाव या दोन रकान्यांवरून होते, त्यामुळे हे दोन रकाने अक्षरशः जसे आहेत तसे द्यावे लागतात. आपल्या यंत्रात उत्पादनाच्या रकान्यात केवळ नोटबुक अशा अर्थाचा सामान्य शब्द भरलेला आहे. अशी नोंद यादीत गेली तर त्याच निर्मात्याच्या निर्दोष यंत्रांवरही बसांचे क्रमांक विनाकारण बदलले जातील. ही अडचण पाहिल्यावर येंटा ड्रायव्हरमधली दुरुस्ती मला यादीपेक्षा कितीतरी चांगली वाटते: ती यंत्राचे नाव विचारत नाही, समोरच्या ब्रिजमध्ये काय लिहिले आहे तेच पाहते.

डीएमआयडीकोडच्या उताऱ्यात यंत्राचा अनुक्रमांक व युनिक ओळख-क्रमांकही असतो, आणि बूट-संदेशांत नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता येतो. यंत्र महाविद्यालयाच्या मालकीचे असल्याने हे तिन्ही आकडे झाकले, आणि झाकल्याचे त्याच ठिकाणी लिहिले, म्हणजे वाचणाऱ्याला उतारा फाटलेला वाटणार नाही.

२३ नोव्हेंबर

अहवाल कोठे पाठवावा हा प्रश्न आज सोडवला. इशाऱ्यातील पत्ता २००६ सालच्या विकासकांसाठी होता. कर्नेलसोबत आज मिळणारी अहवालाची मार्गदर्शिका सांगते की दोष अगदी ताज्या किंवा अजून आधार असलेल्या दीर्घकालीन कर्नेलवर पुन्हा घडवून दाखवावा. ६.१ ही दीर्घकालीन मालिका आहे, आणि तिच्यावर कार्ड चालते. २.६.१७ मधला दोष कर्नेलच्या विकासकांना कळवून कोणालाही काही दुरुस्त करता येणार नाही, कारण दुरुस्ती कधीच झालेली आहे. म्हणून अहवाल पाठवला नाही.

माझ्याजवळ असे यंत्र असते की ज्यावर ६.१ मध्येही येंटाची ओळ येत नाही किंवा ओळ येऊनही कार्ड दिसत नाही, तर हाच मजकूर पीसीआय विभागाच्या यादीकडे गेला असता, आणि त्याचा पत्ता स्रोतातील मेंटेनर्स या फाइलमध्ये मिळाला असता. त्या परिस्थितीत असणाऱ्यांनी सेटपीसीआयची चाचणी अवश्य करावी. तो बाइट बदलूनही कार्ड दिसत नसेल तर कारण वेगळे आहे आणि ही संपूर्ण नोंद त्यांना लागू होत नाही.

उत्पादकाला ड्रायव्हरचा स्रोत द्यावा अशी विनंती मात्र पुन्हा केली आहे, आणि सोबत ६.१ वर कार्ड ओळखले जात असल्याचा उतारा जोडला आहे. हार्डवेअरची बाजू नव्या कर्नेलवर पूर्ण तयार आहे, फक्त त्यांचे मॉड्यूल तेवढे अडलेले आहे.

२९ नोव्हेंबर

यंत्र प्रयोगशाळेत परत दिले. उबंटू ६.१०, के-ऑप्टमध्ये असाइन-बसेस, आणि इंटरनेटची जोडणी पूर्ण बंद, कारण इतक्या जुन्या प्रणालीला जाळ्यावर ठेवणे योग्य नाही. विद्यार्थ्यांनी मोजलेली आकडेवारी १६ बिटांच्या त्याच अडॅप्टरमधून फ्लॅश कार्डावर बाहेर काढायची आहे; त्यासाठी मोजमापाचे कार्ड काढावे लागते, आणि परत घातल्यावर ते प्रत्येक वेळी ओळखले जाते हे तेथील साहाय्यकांसमोर करून दाखवले. संपूर्ण डिस्कची बाइट-बाइट प्रत घेऊन ती प्रयोगशाळेच्या संगणकावर व विभागाच्या बाह्य डिस्कवर अशा दोन ठिकाणी ठेवली आहे. बूट पर्याय, ब्रिजचा पत्ता आणि बाइटाचे स्थान यांची छापील चिठ्ठी बॅटरीच्या कप्प्यात चिकटवली आहे.